टपाल कचेरीतली भिंत

विद्यापीठात त्यांना सगळे भिंतीबाई म्हणायचे. अर्थात मागून. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना फारसं वाटतही नसे. कलेचा इतिहास शिकवणाऱ्या माणसाने राजवाडे धरावेत, पुतळे धरावेत, एखादा नामांकित चित्रकार धरून त्याच्यावर आयुष्य काढावं. यांनी धरल्या होत्या सरकारी इमारतींच्या भिंती. लष्करी राजवटीच्या काळात कचेऱ्यांमधून, इस्पितळांमधून, रेल्वेच्या दालनांमधून जी प्रचंड चित्रं रंगवून घेतली गेली, त्यांच्यावर त्या बारा-पंधरा वर्षं काम करत होत्या. वर्ग आटोपून मोजपट्टी, घडीचं स्टूल आणि कॅमेरा घेऊन त्या निघाल्या की त्यांचा नवरा म्हणायचा, "घरातल्या भिंतीला पोपडे आलेत. तिच्यावरही एकदा संशोधन होऊन जाऊ दे."

मुख्य टपाल कचेरीतलं चित्र त्यांनी मुद्दामच शेवटी ठेवलं होतं, कारण ते सगळ्यांत मोठं आणि त्यांच्या मते सगळ्यांत ठोकळेबाज होतं. मोठ्या दालनाची आख्खी उत्तरेची भिंत त्याने व्यापली होती. डावीकडे डोंगर, मधे अर्धवट उभं धरण आणि खाली एकमेकांच्या हातात घमेली देत उभी असलेली मजुरांची लांबलचक रांग. सगळे दणकट, सगळे हसरे. ते धरण प्रत्यक्षात कधी बांधलंच गेलं नाही. राजवट गेली, धरणाचे कागद गेले, भिंतीवरचे मजूर मात्र घमेली देत राहिले. खाली लोक पार्सलं घेऊन रांगेत उभे राहायचे आणि वर कोणी बघायचं नाही.

एक बाई मात्र बघायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, अंगाने किरकोळ, मांडीवर कापडी पिशवी. टपालाच्या खिडक्यांसमोरच्या बाकावर त्या दर सोमवारी बसलेल्या असत. त्यांना ना काही पाठवायचं असे, ना काही घ्यायचं. भिंतीबाईंनी त्यांना दोनतीन सोमवारी पाहिलं आणि सोडून दिलं. मग एका सोमवारी त्या म्हाताऱ्या बाई स्वतःच उठून स्टुलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "रांगेतला शेवटून तिसरा. कान पुढे आलेला. तो माझा भाऊ."

भिंतीबाईंना अशी माणसं भेटत. जुन्या चित्रात कोणाला आजोबा दिसतात, कोणाला गावचा सरपंच. त्या समजुतीने हसल्या. म्हाताऱ्या बाईंना ते हसू कळलं असावं. त्या न रागावता म्हणाल्या, "डाव्या हाताची करंगळी बघा. अर्धीच आहे. छापखान्यात यंत्रात सापडली होती. इतकी देखणी माणसं काढणारा चित्रकार एकाला मुद्दाम अर्धी करंगळी कशाला काढेल?"

भिंतीबाईंनी कॅमेऱ्याचं भिंग पुढे ओढलं आणि पाहिलं. करंगळी खरोखरच अर्धी होती.

त्या दिवशी बाकावर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भाऊ छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. कोणीतरी पत्रकं छापायला आणून दिली, त्याने ती छापली. पहाटे गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. आईने तुरुंगाच्या दारात डबे नेले, पहिले काही आत गेले, पुढचे परत आले. पुढे कोणी काही सांगेनासं झालं. टपाल कचेरीची नवी इमारत उघडली तेव्हा त्या, म्हणजे त्याची धाकटी बहीण, सहज म्हणून आत शिरल्या, आणि भाऊ समोर घमेलं घेऊन उभा. त्यांनी आईला आणून दाखवलं. आई पदर तोंडात धरून रडली, कारण आवाज काढायची सोय नव्हती. पुढे कळलं की रांगेतल्या आणखीही काही जणांची माणसं अशीच येतात, बघतात आणि जातात. कोणी कोणाशी बोलत नसे. राजवट गेल्यावरही ती सवय गेली नाही.

त्या बाई शिवणकाम करायच्या, आणि वस्तीतली पोरंसोरं त्यांना मावशी म्हणायची. भिंतीबाईही मावशीच म्हणू लागल्या. मावशी आधी त्यांना "अहो बाई" म्हणायच्या, मग घरी येणंजाणं वाढलं तसं "अगं" वर आल्या.

चित्रकार अजून जिवंत होते. मुलीच्या घरी, तळमजल्यावरच्या खोलीत, डोळ्यांवर पडदा आलेला. राजवटीबद्दल त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं, आणि भिंतीबाईंना वाटलं होतं की ते हाकलून देतील. त्यांनी हाकललं नाही. उलट कोणीतरी येईल म्हणून वाट बघत बसल्यासारखे ते बोलत गेले. मजूर काढायचे तर समोर माणसं हवीत, असं त्यांनी अधिकाऱ्याला सांगितलं होतं. अधिकाऱ्याने तुरुंगातून पाठवली. त्याचं म्हणणं, फुकटची असताना विकतची कशाला.

"ज्या दिवशी त्यांना माझ्याकडे आणायचे त्या दिवशी त्यांना पोटभर जेवायला मिळायचं," चित्रकार म्हणाले. "मारायचेही नाहीत, कारण तोंड सुजलं तर मी तक्रार करायचो. म्हणून मी गिलावा वाळत नाही, वाळत नाही म्हणून सांगत राहिलो. ओल्या गिलाव्यावरचं काम, त्यांना काय कळतंय."

"मग?" भिंतीबाईंनी विचारलं.

"मग वाळला."

जिन्यावर कोणाचं तरी मूल चेंडू आपटत होतं. तो आवाज थांबल्यावर चित्रकार म्हणाले, "हसू मी नंतर काढलं. वरून हुकूम आला. त्यांच्यातलं कोणी हसत नव्हतं."

हे प्रकरण लिहिलं की आपलं पुस्तक इतर पुस्तकांसारखं कपाटात पडून राहणार नाही, हे भिंतीबाईंना त्या खोलीतून बाहेर पडतानाच कळलं होतं. हे सांगितलंच पाहिजे असंही त्यांना मनापासून वाटत होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्यातली कोणती किती, याचा हिशेब त्यांनी तेव्हा मांडला नाही.

मावशींची परवानगी घ्यायला त्या गेल्या तेव्हा मावशी कोणाच्या तरी पॅन्टची उंची कमी करत होत्या. त्यांनी मशीन थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं, चित्रकाराचं बोलणंही. गिलाव्याचं ऐकलं तेव्हा फक्त पाय थांबले, आणि जरा वेळाने पुन्हा सुरू झाले.

"तू लिहिलंस की लोक बघायला येतील," त्या म्हणाल्या.

"कोणी येत नाही हो मावशी. असली पुस्तकं चार माणसं वाचतात. त्यातली दोन चुका काढायला."

मावशी हसल्या. दोरा दाताने तोडून म्हणाल्या, "लिही मग. पण मला तिथं निवांत बसता येतं. तेवढं राहू दे."

"राहील की," भिंतीबाई म्हणाल्या.

पुस्तक बाहेर यायच्या आधीच चित्रकार गेले. पुस्तक आलं ते गुपचूपच आलं. एका वर्तमानपत्राने रविवारच्या अंकात इतिहास, कला आणि राजकारण या विषयांवरच्या नव्या ग्रंथांची ओळख छापली होती. तीत धान्यबाजाराच्या इतिहासावरचा एक जाडजूड ग्रंथ होता, पक्षफुटीवरचा एक होता, आणि शेवटी चार ओळींत भिंतीबाईंचं पुस्तक. परीक्षकाने लिहिलं होतं की टिपा फार आहेत. नवऱ्याने ते कात्रण फ्रिजवर लावलं आणि महिनाभर येताजाता "टिपा फार आहेत" म्हणत राहिला.

मग ते पुस्तक सांस्कृतिक खात्याच्या मंत्र्यांच्या हातात पडलं.

मंत्री नवे होते, त्यांचं सरकारही नवं होतं. राजवट कोसळली त्याला त्या वर्षी पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि सरकारला काहीतरी करून दाखवायचं होतं. मंत्र्यांनी विधिमंडळात पुस्तक हातात धरून टपाल कचेरीबद्दल सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत करंगळीचा फोटो. टपाल कचेरीत लोकांची झुंबड उडाली. पार्सलवाली रांग कुठली आणि बघ्यांची कुठली ते कळेना. मावशी एका सोमवारी गेल्या, त्यांना बाकावर जागा मिळाली नाही, त्या परत आल्या. चार दिवसांत लोक थंड होतील, असं भिंतीबाईंनी त्यांना सांगितलं. मावशींनी ते मान्य केलं. लोक थंड होतात हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

लोक झालेही. सरकार झालं नाही. मंत्र्यांनी एक समिती नेमली आणि तज्ज्ञ म्हणून भिंतीबाईंना तिच्यावर घेतलं. त्या आनंदाने गेल्या. चित्राची डागडुजी होईल, शेजारी माहितीचा फलक लागेल, असं त्यांच्या मनात होतं. पहिल्याच बैठकीत मंत्र्यांनी सांगून टाकलं की भिंत खरवडायची, आणि तिथे त्या सगळ्या माणसांच्या नावांची संगमरवरी पाटी बसवायची.

भिंतीबाई विरोध करायला उठल्या. मंत्र्यांनी त्यांचंच पुस्तक उघडलं, पेन्सिलने खूण केलेलं पान काढलं आणि मोठ्याने वाचलं: "या भिंतीवरचं प्रत्येक हसू म्हणजे त्या माणसांवर केलेली शेवटची जबरदस्ती आहे. ते जोवर तिथे आहे तोवर ती जबरदस्ती चालू आहे."

पुस्तक लिहिताना भिंतीबाईंना जी काही वाक्यं मनापासून आवडली होती त्यांतलं हे एक. लिहून झाल्यावर त्यांनी ते नवऱ्यालाही वाचून दाखवलं होतं.

"तुम्हीच लिहिलंय ना?" मंत्र्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. "माझे काका त्याच तुरुंगात होते. ते सुटून आले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. ते कधी पाठ टेकून झोपले नाहीत. त्या भिंतीवरचं हसू मला बघवत नाही, बाई."

या माणसाला ढोंगी म्हणता आलं असतं तर भिंतीबाईंचं काम सोपं झालं असतं. त्यांनी चित्र भिंतीसकट कापून संग्रहालयात हलवता येईल का, विचारलं. बांधकाम खात्याच्या अभियंत्याने सांगितलं की भिंतीत ओल आहे, कापायला गेलं तर भुगा होईल. त्यांनी वर पडदा सोडावा असं सुचवलं, तर मंत्री म्हणाले की लपवाछपवी आधीच्यांनी पुष्कळ केली. शेवटी त्या म्हणाल्या की तिथे या माणसांचे नातलग येतात, त्यांना विचारा. मंत्र्यांनी ताबडतोब होकार दिला, आणि पुढच्या बैठकीला शोधून दोन घरची माणसं बोलावली. एका घरचा मुलगा आता स्वतःच म्हातारा झाला होता. तो म्हणाला, "आमच्या वडिलांना ज्यांनी मारलं त्यांनीच त्यांना असं हसवून उभं केलंय. एकदाचं काढा ते." दुसऱ्या घरची सून होती, तिनेही होकाराची मान हलवली.

मावशींना आणावं, त्यांना बोलू द्यावं, हे भिंतीबाईंच्या मनात येऊन गेलं. पण मावशींना आणायचं म्हणजे त्यांना आधी सांगायला हवं. भिंत जाणार आहे हे त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं, हे भिंतीबाईंना कळेना. आधी निकाल फिरवू, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी मंत्र्यांच्या भेटी घेतल्या, दोन वर्तमानपत्रांत लेख लिहिले. एका लेखाला उत्तर आलं ते त्यांच्या पुस्तकातल्याच तीन उताऱ्यांचं. या काळात त्या मावशींकडे जाऊन आल्या की चहा पिऊन, हवापाण्याच्या गप्पा मारून परत यायच्या. नवरा म्हणायचा, "सांगून टाक. त्यांना दुसरीकडून कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही." त्या हो म्हणायच्या.

समितीत मतदान झालं. भिंतीबाईंच्या बाजूने त्यांचं एकटीचं मत पडलं.

काम सोमवारी सुरू झालं. मुद्दाम नव्हे, कामं सोमवारीच सुरू होतात. भिंतीबाई सकाळचा वर्ग टाकून धावत टपाल कचेरीत पोचल्या तेव्हा भिंतीला बांबूंची परांची बांधून झाली होती, खिडक्या अर्ध्याच उघड्या होत्या, आणि डोंगराच्या माथ्यावर छिन्नी चालू होती. दालनात धुळीचा पांढरा थर. मावशी बाकावर बसल्या होत्या, नेहमीच्याच जागी, पिशवी मांडीवर.

भिंतीबाई शेजारी जाऊन बसल्या. बराच वेळ दोघी वरून पडणारे तुकडे बघत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?" मावशींनी विचारलं.

त्या "तुम्हाला" म्हणाल्या. भिंतीबाईंना ते छिन्नीच्या आवाजातही नीट ऐकू आलं.

"हो."

"कधीपासून?"

"दोनेक महिने झाले. मला वाटलं, थांबवता येईल. थांबलं की मग सांगावं."

मावशींनी मान डोलावली, जणू दुकानदाराने कापड संपल्याचं सांगितलं. मग म्हणाल्या, "सांगितलं असतंत तर मी आले असते. त्या साहेबांना म्हटलं असतं, तुम्हाला बघवत नाही ना, तर तुम्ही बघू नका."

 भिंतीबाईंनी माफी मागितली. मावशींनी ती ऐकली की नाही हे कळलं नाही.

दुपारपर्यंत डोंगर गेला आणि धरण गेलं. मजूर खाली पडलेला गिलावा घमेल्यांत भरत आणि हातोहात दाराबाहेरच्या ट्रककडे देत होते. मुकादम दोनदा येऊन म्हणाला की धुळीत बसू नका, छातीत जाईल. मावशींनी पदर नाकाला लावला आणि बसून राहिल्या. जेवणाची सुट्टी झाली, छिन्न्या थांबल्या, मजूर बाहेर गेले. तेव्हा मावशी उठल्या, आडवा लावलेला दोर वाकून ओलांडला आणि परांचीच्या बांबूंमधून थेट भिंतीपाशी गेल्या. इतकी वर्षं खिडक्यांचा कठडा मधे असल्यामुळे त्या कधी इतक्या जवळ गेल्या नव्हत्या. भाऊ रांगेच्या टोकाला, खालच्या अंगाला होता. हात वर केला तर त्याच्या कोपरापर्यंत पोचला असता. त्यांनी तो केला नाही. मान वर करून त्या पाहत राहिल्या, एकदा डावीकडे सरकल्या, एकदा उजवीकडे.

परत बाकावर आल्या तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "जवळून तो दिसतच नाही," त्या म्हणाल्या. "नुसते रंगाचे फराटे आहेत."

"अशी चित्रं लांबूनच बघायची असतात, मावशी."

"हो. इथूनच बरा दिसतो."

सुट्टी संपल्यावर मजुरांनी रांगेच्या डाव्या टोकापासून सुरुवात केली. एकेक माणूस आधी डोक्याने जायचा, मग खांद्याने. मावशींनी तोंड फिरवलं नाही. भिंतीबाईंनी फिरवलं. त्या जमिनीकडे बघत बसल्या आणि आवाजावरून अंदाज घेत राहिल्या. शेवटी मावशी उठल्याचं जाणवलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं. भिंतीवर विटा दिसत होत्या. मावशींनी पदर झटकला, पिशवी उचलली आणि भिंतीबाईंनी धरलेला हात हळूच सोडवून घेऊन एकट्याच चालत घरी गेल्या.

पुढे पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. तिला एक पारितोषिकही मिळालं, ते मंत्र्यांच्याच हस्ते. ते घ्यायला भिंतीबाई गेल्या नाहीत, प्रकाशक गेले. संगमरवरी पाटीचं अनावरण झालं. पाटी चांगली झाली होती, अक्षरं स्वच्छ होती. मावशींच्या भावाचं नाव तीत वरून पाचवं होतं. मावशी ती बघायला गेल्या नाहीत.

भिंतीबाईंकडे त्या चित्राचे शेकडो फोटो होते. त्यांनी शेवटून तिसऱ्या मजुराचा सगळ्यांत स्पष्ट फोटो निवडला, दाराएवढा मोठा करून घेतला, लाकडी चौकटीत बसवला आणि नवऱ्याला बरोबर घेऊन मावशींकडे नेला. दोघांनी तो जिन्यावरून सांभाळत वर चढवला. मावशींनी दार उघडलं, आत घेतलं, चहा केला. नवऱ्याने कागद सोडायला हात घातला तेव्हा त्यांनी नको म्हणून खूण केली.

"इथं नका ठेवू," त्या म्हणाल्या. "घरात फोटो लावतात तो गेलेल्या माणसाचा. तिथं तो कामावर होता."

नवऱ्याला आधी समजलं नाही. भिंतीबाईंना समजलं. त्यांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला, आणि दोघांनी चौकट पुन्हा खाली आणली. जिन्याच्या वळणावर ती अडकली, तिचा एक कोपरा भिंतीवर घासला. नवऱ्याने ती थोडी तिरकी करून सोडवली.

भिंतीबाई त्यानंतरही अधूनमधून मावशींकडे जात राहिल्या. मावशींनी कधी दार लावून घेतलं नाही. त्या मोतीबिंदूबद्दल बोलायच्या, सुई ओवता येत नाही म्हणायच्या, भिंतीबाई दोनचार सुया ओवून देऊन यायच्या. "बसा," "घ्या," "या परत." "अगं" पुन्हा आलं नाही. दोन हिवाळ्यांनंतर मावशी गेल्या.

त्याच सुमारास विद्यापीठात एक मध्यमवयीन माणूस भिंतीबाईंना शोधत आला. औषधाच्या दुकानात काम करायचा. त्याने पुस्तक वाचलं होतं, टिपांसकट. तो म्हणाला, रेल्वेच्या इस्पितळात, क्षयाच्या जुन्या वॉर्डाकडे जाणाऱ्या व्हरांड्यात एक चित्र आहे. गव्हाची कापणी चाललीय. पेंढी बांधणारी बाई त्याची आई आहे, आजीने लहानपणी आणून दाखवली होती. तो दीड वर्षाचा असताना तिला नेलं होतं. तिचा एकही फोटो कुठे नाही.

भिंतीबाई त्याच्याबरोबर गेल्या. व्हरांडा लांब आणि अरुंद होता, एका बाजूला मोडक्या खाटा रचलेल्या. चित्र अस्सल होतं, त्याच काळातलं, त्यांनी आजवर न पाहिलेलं. हात त्याच चित्रकाराचा नव्हता, पण त्याच्याच बरोबरीच्या कोणाचातरी होता. गिलावा ठिकठिकाणी सुटला होता. पेंढी बांधणारी बाई पंचविशीची असेल, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाची हनुवटी तिच्यासारखीच होती. त्यांच्या पिशवीत वही होती, कॅमेरा होता. प्रकाशकाचे नव्या पुस्तकासाठी दर आठवड्याला फोन येत होते.

"लिहाल ना तुम्ही?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात आशा होती, आणि भिंतीबाईंना ती ओळखीची वाटली.

भिंतीबाईंनी इथे कोण कोण येतं, असं विचारलं. तो म्हणाला, झाडूवाले सोडले तर कोणी नाही. मग त्यांनी विचारलं की तो किती वेळा येतो. दुकान बंद असतं त्या दिवशी, तो म्हणाला, जरा बसतो आणि जातो.

"येत राहा," भिंतीबाई म्हणाल्या. "आणि दुसऱ्या कोणाला दाखवू नका."

तो गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिला. तुम्ही तर पुस्तकात लिहिलंय की हे सगळं लोकांसमोर यायला हवं, असं काहीसं तो बोलू लागला. भिंतीबाईंनी ते पुरतं ऐकून घेतलं. मग रचलेल्या खाटांमधली एक त्यातल्या त्यात धड खाट दोघांनी मिळून ओढून काढली, भिंतीसमोर लावली, आणि तो बसेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. गिलावा अजून किती वर्षं टिकेल हे त्यांना साधारण कळत होतं. त्यांनी ते त्याला सांगितलं नाही, आणि पिशवीतली वही बाहेर काढली नाही.